शिट्टीनंतरचा हात

साडेतीनचा भोंगा झाला की आमचे फोरमन गेटपाशी, कार्ड पंच करायच्या मशीनशेजारी येऊन उभे राहत. पहिल्या पाळीचे प्रेस ऑपरेटर रांगेने येत आणि कार्ड पंच करण्याआधी दोन्ही हात पुढे करत, शाळेत नखं दाखवतात तसे. फोरमन हात आधी पालथे बघत, मग उताणे बघत, आणि म्हणत, "दहा. जा." पुढचा येई. "दहा. जा." एका वयस्कर ऑपरेटरला मात्र "नऊ. जा." म्हणत, कारण त्याची करंगळी आमच्याकडे येण्याआधीच दुसऱ्या एका शेडमध्ये गेली होती. सगळे गेले की ते स्वतःशीच एक आकडा बोलत, "एकोणनव्वद." नऊ प्रेस, नऊ ऑपरेटर, एकोणनव्वद बोटं. मग ते स्वतःचं कार्ड पंच करत. स्वतःची साडेसात बोटं त्यांनी या बेरजेत कधी धरली नाहीत.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात मी सहा वर्षं होतो. मोटारींना लागणारे पत्र्याचे लहानमोठे भाग आम्ही पॉवर प्रेसवर ठोकून काढत असू. माझं काम ऑफिसात, आकड्यांचं. कोणत्या मशीनवर किती नग निघाले, किती रद्द झाले, एका नगाला किती सेकंद लागले. मला हे काम आवडायचं आणि मी ते नीट करायचो. सहा वर्षांत माझ्या बेरजेत चूक निघाल्याचं मला आठवत नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. पुढे जे सांगायचं आहे त्याला ते लागतं, म्हणून सांगतो.

फोरमन इगतपुरीकडचे. वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास. अंगाने वाळके, खाकी शर्ट, पायात लोखंडी टाचेचे बूट. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी शाबूत, मधलं बोट अर्धं, बाकीची दोन नाहीत. ती कशी गेली हे नवीन माणूस हमखास विचारायचा आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळायचं. एकाला सांगितलं, लहानपणी उसाच्या चरकात गेली. एकाला म्हणाले, "बायको माहेरी गेली ती घेऊन गेली, अजून आली नाय." मला त्यांनी सांगितलं, "मोजता येत नव्हतं, तवा गेली." मी अशी चार उत्तरं ऐकली. पाचवं, जे बहुधा खरं होतं, ते नऊ बोटांच्या ऑपरेटरने सांगितलं. तरुणपणी मुंबईकडच्या एका कारखान्यात फोरमननी स्वतःच प्रेसच्या बटणाच्या फटीत काडी घातली होती.

हे काडीचं प्रकरण समजावून सांगायला हवं. प्रेसला दोन हिरवी बटणं असतात, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा दट्ट्या खाली येतो. म्हणजे तो खाली येताना माणसाचे दोन्ही हात बटणांवरच असतात, खालच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये नसतात. पण यात वेळ जातो. म्हणून ऑपरेटर एक बटण कायमचं दाबून ठेवायची काहीतरी युक्ती करतात. आइसक्रीमची काडी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, घडी केलेलं विडीचं पाकीट. फोरमन तासातासाला सगळ्या मशीनवरून फिरत आणि अशा पाचरी उपटून एका पत्र्याच्या डब्यात टाकत. ओरडत नसत. डबा खुळखुळवत पुढे जात.

खंडेनवमीला सगळी मशीनं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून आम्ही पूजा करायचो. बाकीचे लोक पाने, हातोडे, मायक्रोमीटर मांडून ठेवत. फोरमन मधोमध तो डबा ठेवत आणि त्याला हळदकुंकू वाहत. शेठ एकदा हसून म्हणाले, "अहो, हा कचरा कशाला पूजेत?"

"शस्त्रांचीच पूजा हे ना शेठ," फोरमन म्हणाले. "आपल्याकडं माणूस कापणारं शस्त्र हेच."

शेठनी प्रसाद घेतला आणि ते लवकर निघून गेले.

आता त्या खेळाकडे येतो. सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे, एका गाळ्यात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. दोन हजार सालच्या सुमाराला तिथे मुंबईहून एक जुनी, कपाटाएवढी मशीन आली. तिच्यात अमेरिकेतला फुटबॉल होता. आपला पायाने खेळायचा नव्हे. त्यात चेंडू नारळासारखा लांबट असतो, तो काखेत मारून पळायचं असतं आणि बाकीच्यांनी त्याला आडवा करायचा असतो. बाजूला सात-सात खेळाडू, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. चार डावांत तीस यार्ड पुढे सरकायचं, नाही तर चेंडू दुसऱ्याकडे जातो. नियम मला पार्लरमधल्या पोरांनी सांगितले. त्यांनाही तेवढेच माहीत होते. त्यांना नियमांचं काही नव्हतं. त्यांना आवडायची ती मारामारी. मानगूट धरून आपटणं, धावत येऊन छातीवर कोपर घालणं, आणि प्रत्येक वेळी हाड मोडल्यासारखा आवाज. पोरं त्याला 'हेल्मेटवाला' म्हणत.

त्या गेममध्ये एक गोष्ट अशी होती की डाव संपून शिट्टी झाल्यावरही बटण चालायचं. समोरचा पडलेला आहे, चेंडू मेलेला आहे, शिट्टी झालेली आहे, तरी तुम्ही बटण दाबलं तर तुमचा माणूस त्या पडलेल्यावर उडी मारायचा. त्याने गुण मिळत नसत आणि शिक्षाही होत नसे. पोरं ते हमखास करत, हसत हसत.

आमचे फोरमन दर शनिवारी पाळी संपली की तिथे जात. सभोवती शाळेची पोरं आणि मध्ये खाकी शर्टातला हा माणूस. एकटे खेळत तेव्हा ते कोणालाच मारत नसत. त्या नारळाला काखेत घेऊन पळत, मार खात, आणि पडलेला खेळाडू उठेपर्यंत टक लावून बघत. तो उठला की हळूच म्हणत, "उठला." प्रत्येक वेळी. मी एकदा विचारलं, यात एवढं काय बघता. ते म्हणाले, "एवढं मारतेत, पण सगळे उठतेत बघा. दुसरीकडं कुठं बघायला मिळतं?"

पण त्यांचा खरा उपयोग वेगळा होता. प्रेसवर नवीन माणूस घ्यायचा असेल तर ते त्याला पार्लरमध्ये नेत आणि हेल्मेटवाल्यासमोर उभा करत. मला हे पहिल्यांदा कळलं ते एका कागदावर त्यांची सही हवी होती म्हणून मी शोधत गेलो तेव्हा. एक धिप्पाड तरुण मशीनवर तुटून पडला होता. फोरमन पडद्याकडे बघतच नव्हते. ते त्याच्या बोटांकडे बघत होते आणि ओठांनी काहीतरी मोजत होते.

"जिंकला मामा," तो तरुण म्हणाला. शेडमधले सगळे त्यांना मामा म्हणायचे. हा अजून कारखान्यात आलाही नव्हता, तरी म्हणाला.

"लय भारी," फोरमन म्हणाले. "सोमवारी पॅकिंगला ये."

तो गेल्यावर मी विचारलं. "तेवीस," ते म्हणाले. "शिट्टी झाल्यावर तेवीस वेळा बटण दाबलं त्यानं. प्रेसवर काय करंल? स्ट्रोक झाला, काम संपलं, तरी हात थांबायचा नाय. तोच हात आत जातो."

"आणि कमी दाबले तर?"

"तीनपर्यंत चालतं. आपण काय देव नाय."

त्यांनी अशी बरीच माणसं पारखली. एक जण घाबरून बटणाला हातच लावेना. त्यालाही त्यांनी नाकारलं. म्हणाले, "याला खेळच दिसत नाय. डोळे मिटून प्रेस चालवंल." मला ही सगळी परीक्षा हास्यास्पद वाटायची आणि मी ती मोजून खोडायचं ठरवलं. त्यांनी निवडलेले आणि आधीपासूनचे अशा ऑपरेटरांची पाचरींची नोंद मी तीन महिने ठेवली. त्यांनी निवडलेल्यांच्या मशीनवर पाचरी निम्म्याहून कमी सापडत होत्या. मी तो आकडा त्यांना सांगितला तेव्हा ते खूश झाले असावेत, पण म्हणाले एवढंच, "तुमच्या कागदाला आत्ता कळलं व्हय."

मग मी म्हणालो, माझीही परीक्षा घ्या. त्यांनी मान हलवली. "तुम्ही कागदावरचे. कागद कोणाचं बोट खात नाय." नंतरही एकदा विचारलं, तेव्हाही तेच उत्तर.

शेठचा भाचा मात्र न बोलावता आला. पदविका घेऊन नुकताच रुजू झाला होता. पोरगा तसा वाईट नव्हता, पण घाईचा. गंमत म्हणून खेळला. फोरमन सोमवारी सकाळी शेठच्या केबिनमध्ये गेले. मी तिथेच होतो.

"तुमच्या भाच्याला प्रेसवर नका ठेवू, शेठ. एकेचाळीस झाले त्याचे."

शेठना काय एकेचाळीस ते कळायला वेळ लागला. कळल्यावर ते हसले. "अहो, तो काय ऑपरेटर होणार आहे? दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर करतोय मी त्याला."

फोरमन दाराकडे वळले. मग म्हणाले, "म्हणजे नऊच्या नऊ प्रेसवर," आणि बाहेर गेले.

देवराम आला तो त्याच वर्षी, सुरगाण्याकडून. द्राक्षाच्या हंगामाला मजुरीला उतरला होता, तो परत गेला नाही. चोवीस वर्षांचा असेल. लहान चणीचा, कमी बोलणारा. त्याची परीक्षा मी शेजारी उभा राहून बघितली. त्याने कधी व्हिडिओ गेम पाहिलाही नव्हता. फोरमननी बटणं दाखवली आणि एकामागून एक चार खेळ खेळायला लावले. चारही तो हरला. पण शिट्टी झाली रे झाली की तो दोन्ही हात मशीनवरून उचलून खाली सोडायचा. चार खेळांत शून्य.

"हात का काढले रे?" फोरमननी विचारलं.

"थांबला ना खेळ, मामा."

"समोरचा पडलाय. हाण ना त्याला."

"तो पडला ना आता." देवरामला प्रश्नच कळत नव्हता.

"कुठं शिकला हे?"

मग त्याने सांगितलं. गावाकडे विहिरीच्या कामावर तो छिन्नी धरायचा आणि भाऊ घण मारायचा. घण पडेपर्यंत छिन्नी हलवायची नाही, आणि पडल्यावर भावाने सांगितल्याशिवाय हात पुढे न्यायचा नाही. "नाय तं हात जायचा," तो म्हणाला.

फोरमनना मी खुशीत असलेलं एकदाच पाहिलं, ते त्या दिवशी. त्यांनी पार्लरमधल्या पोरांना सांगितलं, "बघा रे, शून्य. बघून ठेवा." पोरं हसली, त्यांच्या हिशेबी तो चार वेळा हरलेला होता. फोरमननी देवरामला शेडमधला सर्वांत मोठा, शंभर टनी प्रेस दिला. दुपारचा डबा ते त्याच्याबरोबर खाऊ लागले. नागलीची भाकरी त्यांना चाववत नसे, तरी मागून घेत. नवीन कोणी आला की त्याला देवरामच्या मशीनसमोर पाच मिनिटं उभं करत. "हात बघ याचे. तोंडाकडं नको बघू, हात बघ."

यानंतरचा भाग माझा आहे.

दुसऱ्या वर्षी मोठ्या कंपनीने मागणी वाढवली. शेठनी मला प्रत्येक प्रेसचा वेळेचा अभ्यास करायला सांगितला. स्टॉपवॉच घेऊन बसायचं, एका नगाचं काम तुकड्यातुकड्यांत मोजायचं आणि छापील फॉर्मवर भरायचं. शंभर टनीसाठी मी देवरामशेजारी बसलो. त्याचा हात इतका सारखा चालायचा की मोजायला आनंद वाटे. मी शंभर स्ट्रोक मोजले. एका नगाला सरासरी नऊ पूर्णांक दोन सेकंद. म्हणजे तासाला तीनशे एक्याण्णव नग. त्यातला एक तुकडा असा होता: डावा हात पत्र्यावरून उचलून बटणापर्यंत नेणं आणि स्ट्रोक होईपर्यंत तिथे ठेवणं. एक पूर्णांक चार सेकंद.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता, 'टाळता येण्याजोगा वेळ'. ज्या तुकड्यात हात नगाला लागत नाही, कामाला पुढे नेत नाही, तो वेळ तिथे लिहायचा, अशी पद्धत होती. मी पद्धतीप्रमाणे लिहिलं. डावा हात, एक पूर्णांक चार सेकंद. त्याखाली हिशेबही केला: हा वेळ वाचल्यास तासाला चारशे एकसष्ट. सत्तर नग जास्त. साडेसात तासांच्या पाळीला सव्वापाचशे. आकडे बरोबर होते. आजही मांडून पाहिले तर बरोबरच येतात.

आठवडाभराने सकाळी फोरमनना शंभर टनीच्या डाव्या बटणामागे एक वायर सापडली. पाचर नव्हती, इलेक्ट्रिशियनने नीट जोडलेली वायर. तिच्यामुळे एकट्या उजव्या बटणावर दट्ट्या खाली येत होता. त्यांनी ती काढायला लावली. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा होती. त्यांनी साडेतीनला पाळी बदलताना भाच्याला गाठलं. भाच्याने माझा फॉर्म त्यांच्यासमोर धरला. "लिहिलेलं आहे, मामा. मी मनाचं काही करत नाही. तुमच्याच माणसाने लिहिलंय."

फोरमन तो कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"खोटं हे?"

"नाही. खरं आहे. शंभर वेळा मोजलंय."

"मग खोडू नका," ते म्हणाले. "खाली एक ओळ लिहा फक्त. हा वेळ का लागतो ते लिहा. या एवढ्या वेळात हात बाहेर राहतो म्हणून लिहा."

मी फॉर्म उलटसुलट करून बघितला. त्याला शेऱ्याचा रकाना नव्हता. मी त्यांना तसं सांगितलं. म्हणालो, पुढच्या महिन्यात नवा फॉर्म छापून घेणार आहोत, त्यात रकाना करून घेतो आणि लिहितो. त्यांनी कागदाच्या कोऱ्या कडेवर बोट ठेवलं. "समासात लिहा," ते म्हणाले. मी म्हणालो, समासात लिहिलेलं अधिकृत धरत नाहीत.

तेही खरं होतं.

फोरमन रोज सकाळी वायर काढायला लावत आणि दुसऱ्या पाळीला ती पुन्हा जोडली जाई. त्यानंतर अकराव्या दिवशी दुसऱ्या पाळीचा शंभर टनीचा ऑपरेटर आला नाही. भाच्याने देवरामला जादा कामासाठी थांबवलं. पण आधी गेटवर मोजणी झाली. देवरामने हात दाखवले, फोरमन म्हणाले, "दहा. जा." तो कार्ड पंच करून बाहेरच्या टपरीवर चहा प्यायला आणि परत आत आला. फोरमन तेवढ्यात शेवटचा आकडा बोलून, एकोणनव्वद म्हणून, पार्लरकडे गेले होते. शनिवार होता.

पाचच्या सुमाराला ते झालं. मशीनच्या आतला, दट्ट्याला वर थोपवून धरणारा एक दात झिजलेला होता, हे नंतर उघडून पाहिल्यावर कळलं. देवरामने एकदा बटण दाबलं, स्ट्रोक झाला, दट्ट्या वर गेला. नग काढायला त्याचा डावा हात आत गेला, कारण तो बटणावर नव्हता, मोकळाच होता. आणि दट्ट्या कोणीही बटण न दाबता पुन्हा खाली आला. डावा हात बटणावर असता तर तेवढ्या वेळात तो तिथेच असता.

हॉस्पिटलला गाडी गेल्यावर मी स्कूटर काढून पार्लरला गेलो. फोरमन एकटे खेळत होते. मला बघून ते थांबले, पण वळले नाहीत. पडद्यावर त्यांचा एक माणूस पडलेला होता.

"देवराम," मी म्हणालो.

"कोणता हात?"

"डावा."

"किती?"

"चार. अंगठा राहिला."

ते काहीतरी पुटपुटले. मला वाटलं देवाचं नाव घेतात. मग नीट ऐकू आलं. "पंच्याऐंशी," ते म्हणाले. पडद्यावरचा माणूस उठून उभा राहिला होता. त्या वेळी ते 'उठला' म्हणाले नाहीत.

चौकशीला सरकारी निरीक्षक आले तोवर वायर निघालेली होती. भाचा म्हणाला, ऑपरेटरनेच काहीतरी केलं असेल, हे लोक पाचरी लावतातच, हा बघा डबा. आणि त्याने फोरमनचा डबा पुढे केला. फोरमन म्हणाले, देवरामच्या मशीनवर दोन वर्षांत एकही पाचर सापडली नाही, आणि पाचर नव्हती, वायर होती. निरीक्षकांनी विचारलं, कोणी पाहिली? फोरमन म्हणाले, मी. इलेक्ट्रिशियन खाली बघत राहिला. त्याच्या घरी तीन मुली होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

मग निरीक्षक माझ्याकडे वळले. "या मशीनचा अभ्यास तुम्ही केलेला आहे ना? तेव्हा दोन्ही बटणं चालू होती?"

"हो साहेब," मी म्हणालो. "शंभर स्ट्रोक मोजले. शंभरही वेळा दोन्ही हात बटणांवर होते."

त्यांनी ते लिहून घेतलं. त्यांनी फॉर्म मागितला नाही, मी दिला नाही. रकान्याबद्दल त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी बोललेल्या तीन वाक्यांत एक शब्द खोटा नव्हता. अहवालात देवरामचा निष्काळजीपणा आला. त्याची नोकरी गेली आणि त्याला जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही. फोरमन भिंतीला टेकून उभे होते. ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. माझे हात टेबलावर होते, त्यांच्याकडे बघत होते.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो. फोरमननी नोकरी सोडली. गेटवरची मोजणी बंद झाली. एक-दोन जुने ऑपरेटर काही दिवस सवयीने हात पुढे करत आणि समोर कोणी नाही हे बघून कार्ड पंच करत. वर्षभरात मीही दुसरीकडे गेलो. फोरमन इगतपुरीला बहिणीकडे राहत आणि दर दसऱ्याला जीपने सुरगाण्याला देवरामकडे जात, असं नऊ बोटांच्या ऑपरेटरने मला नंतर बाजारात भेटल्यावर सांगितलं. मी कधी गेलो नाही. फोरमन वारल्याचंही मला चार महिने उशिरा कळलं. त्या फॉर्मची कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. समासात मी ती ओळ लिहिली आहे: 'या वेळात हात बाहेर राहतो.' खाली तारीख घातली आहे. ती ओळ लिहिली त्या दिवसाची घातली आहे, अभ्यासाची नाही.

राहिला तो शनिवार, चौकशीच्या दुसऱ्या दिवसाचा. पाळी संपल्यावर फोरमन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "चला. तुमची परीक्षा राहिली होती."

मी गेलो. पोरांनी मशीन मोकळी करून दिली. फोरमननी नाणं टाकलं आणि माझ्या डाव्या बाजूला उभे राहिले. मी तीन खेळ खेळलो. पहिला हरलो, दुसरा हरलो, तिसऱ्यात बरोबरी झाली. शिट्टी झाली की मी हात उचलत होतो. मला ते मुद्दाम करावं लागत नव्हतं; माझा स्वभावच तसा आहे. मशीनकडून खेळणारे खेळाडू मात्र शिट्टीनंतरही माझ्या पडलेल्या माणसांवर उड्या घेत होते आणि तो हाडाचा आवाज येत होता. मी एकदाही उलट बटण दाबलं नाही. फोरमनचे ओठ हलत नव्हते, कारण मोजण्यासारखं काही नव्हतं.

"शून्य," ते शेवटी म्हणाले.

मला क्षणभर बरं वाटलं. हे लिहायला मला लाज वाटते, पण वाटलं खरं.

"देवरामचं शून्य," ते म्हणाले. "तुमचंबी शून्य." मशीनच्या काचेवर त्यांनी उजव्या हाताचं बोट टेकवलं. "त्या भाच्याचं मला माहीत होतं. एकेचाळीस. शेठला सांगून बघितलं. तुमचं या मशीनमधून कळत नाय. लय दिवस मी हेच बघत बसलो."

"फोरमनसाहेब," मी म्हणालो, "मी खोटं काहीच बोललो नाही."

"नाय ना," ते म्हणाले. "मी कुठं म्हणतो."

एक पोरगं म्हणालं, काका, अजून एक खेळ शिल्लक आहे. फोरमननी त्याला खूण केली, तू घे. आम्ही बाहेर आलो. ऊन होतं, चौकात रिक्षा उभ्या होत्या. मी स्कूटरची किल्ली काढली तेव्हा त्यांनी माझ्यापुढे हात केला. आधी वाटलं निरोप घेतायत. त्यांनी माझे दोन्ही हात मनगटाशी धरले, त्या अडीच बोटांच्या हाताने आणि दुसऱ्या हाताने, आणि पालथे करून बघितले. मग उताणे केले. ऑफिसच्या माणसाचे हात त्यांनी याआधी कधी मोजले नव्हते.

"दहा," ते म्हणाले. "जा."